चेतनाबेनचं अर्धं वाक्य

ती वाटी मुळात चेतनाबेनची. खोलगट, काठाला एक पोचा आलेली आणि पोटावर टिंबाटिंबांनी तिच्या नवऱ्याचं नाव कोरलेली. पण ती अमुक एकीची असं काही आता राहिलं नव्हतं. घाटकोपर पूर्वेच्या त्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन दारं समोरासमोर, एक जानकीबाई तावड्यांचं, दुसरं चेतनाबेन दोशींचं, आणि वाटी या दारातून त्या दारात फिरायची. दूधपाक घेऊन इकडे आली की रसातल्या शेवया घेऊन तिकडे. रिकामी वाटी परत करायची नाही हे दोघींच्या आयांनी आपापल्या भाषेत दोघींना शिकवलेलं होतं, त्यामुळे हे फिरणं थांबण्याचा प्रश्नच नव्हता.

वाटीला आणखीही नियम होते. चेतनाबेन जैन. कांदा-बटाटा नाही, लसूण नाही, आणि सूर्य मावळल्यावर तोंडात काही नाही. म्हणजे वाटी पलीकडे पोचायची ती उजेड असताना. आणि जानकीबाई पडल्या मालवणकडच्या. बुधवारी, शुक्रवारी त्यांच्या ओट्यावर मासळी असणारच. त्या दिवशी वाटी फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर. चेतनाबेन आपलं दार लोटून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी म्हणायची, "काल तुझ्याकडे दरिया आला होता ने? माझ्या देवघरापर्यंत आला."

"मग पाया पडलीस की नाही त्याच्या?"

"हट! उदबत्ती लावली, तेव्हा गेला पाछो."

जानकीबाईंचे यजमान जयवंत मरोळच्या एका कारखान्यात फिटर होते. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. शाळेतली पोरं होती, कांजूरमार्गच्या मराठी शाळेत त्यांनी हयातभर इंग्रजी शिकवलं, पण शाळेतली पोरं दरवर्षी पुढच्या वर्गात जातात, ती काही घरी राहात नाहीत. निवृत्तीनंतर सुरुवातीला कुणी ना कुणी यायचं. मग फोन यायचे. मग दिवाळीला मोबाइलवर पणत्यांची चित्रं यायला लागली. शेवटी राहिलं ते समोरचं दार. सकाळी दूधवाल्याची पिशवी उचलताना दोघी एकमेकींना बघायच्या, चारच्या चहाला एकमेकींकडे बसायच्या. जानकीबाईंच्या दिवसाला टेकायला तेवढीच एक भिंत होती.

चेतनाबेनचा मुलगा निमेश न्यू जर्सीला. त्याने आईचे सगळे कागद करून ठेवले होते आणि आता तो तिला कायमचं ये म्हणत होता. चेतनाबेन एकदा जाऊन आलेली होती, आणि त्या वेळचं ती कुणाला सांगत नसे, जानकीबाईंना सोडून.

"दिवसभर घरात मी एकली. बेल वाजली की मी पडद्याच्या मागे उभी. तो पार्सलवाला मला दिसायचा, त्याला मी दिसायची. तो काय तरी बोलायचा. मी तशीच. मुक्या ढोरासारखी." मग एका दुपारी ती चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "जानकीबेन, मला इंग्लिश शिकव. बोलता आलं तर जाईन. नाही आलं तर नाही जाणार. मी निमेशला पण सांगितलं."

जानकीबाईंनी हो म्हटलं. शिकवायला कुणी मागितलं आणि त्यांनी नाही म्हटलं, असं कधी झालं नव्हतं. शिकवल्याचा शेवट काय होणार हे त्यांच्या ध्यानात आलं ते संध्याकाळी, कप विसळताना.

त्यांची शिकवायची रीत त्यांची स्वतःची होती. इतर शिक्षक नाम-सर्वनामापासून सुरुवात करत, जानकीबाई जोडीच्या शब्दांपासून. बोथ आणि अँड, आयदर आणि ऑर, नायदर आणि नॉर, नॉट ओन्ली आणि बट ऑल्सो. त्यांचं म्हणणं असं, की मराठी शाळेतलं पोर इंग्रजी वाक्य सुरू करतं आणि मधेच रस्ता चुकतं. पण एकदा आयदर म्हटलं की पुढे ऑर येणार हे ठरलेलंच, जसा जरच्या मागे तर. पहिला शब्द दुसऱ्याला हाताला धरून आणतो. बाकावर दोन पोरं, खिडकीकडच्याने पहिला अर्धा म्हणायचा, वाटेकडच्याने दुसरा. जोडीदार गैरहजर असला तर त्याचा अर्धा बाई म्हणतील. एका सहलीला आरे कॉलनीतल्या रस्त्याने चालताना सबंध वर्ग अशा जोड्या ओरडत गेला होता, आणि तबेल्यातल्या म्हशी माना वर करून बघत होत्या. ते आठवलं की जानकीबाईंना अजून हसू यायचं.

चेतनाबेनला सुरुवात करायचीच भीती होती. म्हणून जानकीबाईंनी तिला पहिला अर्धा दिला आणि दुसरा स्वतःकडे घेतला.

"आय हॅव बोथ..." चेतनाबेन म्हणायची.

"...अ सन अँड अ डॉटर-इन-लॉ," जानकीबाई म्हणायच्या.

"आय हॅव बोथ तीन ग्रँडचिल्ड्रन."

"बोथ म्हणजे दोनच, गं बाई. तिसऱ्याला तिथे जागा नाही."

"मग तिसऱ्याला काय उभा ठेवू?"

ईदर की आयदर, यावरून पहिले दोन-तीन दिवस गेलेच. "ईधर नहीं, उधर नहीं," म्हणत चेतनाबेन हसत सुटायची. मग नॉट ओन्लीची पाळी. "आय नॉट ओन्ली मेक खाखरा...," असं तिने म्हटलं की जानकीबाई तिला थांबवायच्या. "तुझ्याकडे मेक आणि खाखरा, माझ्याकडे नुसता ढोकळा. बाजारातून येताना दोन हातांत दोन पिशव्या घेतेस ना? एकीत नुसती कोथिंबीर आणि दुसरीत कलिंगड, असं चालतं का? झोक जातो. नॉट ओन्लीच्या मागे जे ठेवशील, तेच बट ऑल्सोच्या मागे. आय मेक नॉट ओन्ली खाखरा..."

"बट ऑल्सो ढोकळा!"

"आता हा माझा अर्धा होता."

"हां, तुझा. घे तुझा."

असे महिने गेले. पुढे पुढे धड्याची वेळ उरलीच नाही, दिवसभर तेच. जिन्यात भेटली की चेतनाबेन म्हणायची, "आयदर टी..." आणि जानकीबाई कुलूप लावता लावता, "...ऑर कॉफी." भाजीवाल्यापुढे, लिफ्ट बंद पडल्यावर, पाणी गेल्यावर. कुणीतरी वाक्य अर्धं सोडावं आणि आपल्याकडे बघत थांबावं, असं जयवंत गेल्यापासून झालं नव्हतं. ते थांबणं जानकीबाईंना इतकं गोड लागायला लागलं, की आता अर्धे बदलू या, पुरं वाक्य तूच म्हण, हे रोज उद्यावर जात राहिलं.

मग रविवार ठरला. निमेशच्या बायकोचं नाव पूर्वी. ती तिकडे दवाखान्यात कामाला होती. तिने अनोळखी बाई होऊन सासूला प्रश्न विचारायचे, व्हिडिओ कॉलवर. चेतनाबेनने नवी साडी नेसली. जानकीबाई बाजूच्या खुर्चीवर बसल्या, पडद्यावर दिसणार नाही अशा बेताने.

"मम्मीजी, व्हॉट विल यू डू होल डे?" पूर्वीने विचारलं.

"आय विल नायदर वॉच टीव्ही..." चेतनाबेन अगदी खणखणीत म्हणाली आणि थांबली. मान उजवीकडे वळवून जानकीबाईंकडे बघत राहिली.

पूर्वीही थांबली. "येस?"

चेतनाबेन बघतेच आहे. जानकीबाईंनी ओठांनी नॉर म्हणून दाखवलं, हाताने पुढे जा अशी खूण केली. पण तिच्या मनात तो अर्धा तिचा नव्हताच, तर तो ती कुठून आणणार?

"हू डू यू लिव्ह विथ?"

"आय लिव्ह विथ बोथ..." पुन्हा मान उजवीकडे.

"मम्मी, बाजूला कोण आहे? जानकीमासी?" निमेशने पडद्यात डोकं घातलं. तो हसत होता, वाईट नव्हता तो. "मासी, तिथे तुम्ही कशा येणार हिच्या बाजूला बसायला? जाऊ दे, मम्मी. घाई नाही. पुढच्या वर्षी बघू."

फोन बंद झाल्यावर चेतनाबेनने साडीचा पदर गुडघ्यावर सारखा केला. "संपला विषय," ती म्हणाली. "भगवानला मला इथेच ठेवायचं आहे."

"पुढच्या वर्षी बघू म्हणाला ना तो."

"पुढच्या वर्षी मी आणखी एक वर्ष बुढी."

जानकीबाई आपल्या घरी आल्या. खिडकीत जरा वेळ उभ्या राहिल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण नारळ काढलाय. त्यांनी तो फोडला, खवला, वाटून दाट रस काढला, गूळ घातला, वेलची कुटली. शेवया वाफवल्या. मधेच त्या काहीतरी गुणगुणत होत्या आणि ते कानावर येताच गप्प झाल्या. वाटी काठोकाठ भरली. खिडकीवर अजून ऊन होतं.

समोरचं दार नुसतं लोटलेलं होतं. त्या ढकलणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

"आय विल नायदर वॉच टीव्ही..."

मग काही नाही. कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली.

"आय विल नायदर वॉच टीव्ही..."

पुन्हा तशीच शांतता. ती मोजून तेवढीच होती, जानकीबाईंचा अर्धा मावेल एवढी. दारामागे ती बाई एकटी बसून वाक्य म्हणत होती आणि दर वेळी त्यांच्यासाठी जागा सोडत होती. जानकीबाईंच्या ओठांवर आलंच होतं, नॉर स्लीप इन द आफ्टरनून. उंबऱ्यातूनच म्हटलं असतं, तर आतून हसण्याचा आवाज आला असता, दोघींनी शेवया खाल्ल्या असत्या आणि सगळं होतं तसं राहिलं असतं. पुढचं वर्ष, त्याच्या पुढचं वर्ष.

वाटी हाताला चटके द्यायला लागली. त्यांनी ती दाराशी ठेवली, बेल वाजवली आणि चेतनाबेन यायच्या आत आपलं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी चारला त्या गेल्या, आणि आपली खुर्ची ओढून त्यांनी चेतनाबेनच्या खुर्चीला पाठ लावून ठेवली.

"हे काय नवीन?"

"आजपासून दुसरा अर्धा पण तुझा. मी बोलणार नाही."

"पण मी तर जातच नाही! आता कशाला?"

"शिकायला सुरुवात केलीस ना? मग पुरं शिक. म्हण."

चेतनाबेनने म्हटलं. अर्धं. जानकीबाई समोरच्या भिंतीवरच्या तीर्थंकरांच्या तसबिरीकडे बघत राहिल्या.

"जानकीबेन. बोल ने."

जानकीबाई बोलल्या नाहीत.

"अरे, बोल ने! तोंडात काय बरफ धरलाय?"

नाही बोलल्या. चेतनाबेन उठून आत गेली आणि भांडी आपटायला लागली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. जिन्यात भेटली की चेतनाबेन "आयदर टी..." म्हणायची, आणि जानकीबाई खाली मान घालून कुलूप लावायच्या. वाटी परत आली. झाकण काढलं तर आत नुसती साखर, दोन चिमूट. रिकामी नाही एवढंच. इतक्या वर्षांत चेतनाबेनने वाटीत नुसती साखर कधी घातली नव्हती. जानकीबाई ती साखर बघत ओट्याशी उभ्या राहिल्या. चेतनाबेन अजून इथेच होती, समोरच्या दारात, आणि आत्ताच नसल्यासारखी झाली होती. एकटीने राहायचा सराव त्यांचाही सुरू झाला होता.

साखर त्यांनी चहात घालून पिऊन टाकली आणि वाटीत शिरा भरून पाठवला, बेदाणे जरा जास्त घालून.

त्या आठवड्याच्या शेवटी चेतनाबेनचा बांध फुटला. खुर्च्या पाठीला पाठ, जानकीबाई गप्प, आणि चेतनाबेन ताडकन उठून त्यांच्या समोर येऊन उभी राहिली, कमरेवर दोन्ही हात.

"यू! यू आर नॉट ओन्ली अ बॅड टीचर बट ऑल्सो अ बॅड नेबर!"

चेतनाबेनने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

"बरोबर," जानकीबाई म्हणाल्या. "दोन्ही पिशव्या सारख्या वजनाच्या. कुठे झोक गेला नाही."

"मी पुरं बोलली?"

"पुरं बोललीस."

चेतनाबेन हसायला लागली, मग रडायला लागली, मग पुन्हा हसायला. जानकीबाईही हसल्या. त्या दिवशी चहात आलं पडलं, अर्थात जानकीबाईंच्या कपात. चेतनाबेनच्या कपात आलंही चालत नसे.

पुढच्या कॉलच्या वेळी जानकीबाई गेल्याच नाहीत. चेतनाबेन बोलवायला आली तर म्हणाल्या, "मी आले की तुझी मान वळेल." त्या आपल्या दाराच्या आत उभ्या होत्या. शब्द काही कळत नव्हते, पण चेतनाबेनच्या आवाजाची चाल कळत होती. तो वर चढायचा, मधे न थांबता पलीकडे उतरायचा. पुन्हा चढायचा, उतरायचा. मग तिकडची सगळी हसली, टाळ्या वाजल्या, आणि लहान मुलांचा ओरडा झाला. जानकीबाईंनी कडी काढली नाही. चेतनाबेनच येऊन दार बडवायला लागली तेव्हा काढली.

"झालं, जानकीबेन! एकदा पण बाजूला बघितलं नाही मी!"

"शाब्बास," जानकीबाई म्हणाल्या. वर्गात म्हणायच्या तसंच, पाठीवर हात ठेवून.

जायचा दिवस नातेवाइकांनी भरून गेला. पुतण्या अल्पेश बॅगांचं वजन पुन्हा पुन्हा करत होता. कुणी खाखऱ्याची पाकिटं आणत होतं, कुणी काढत होतं. वाटी जानकीबाईंकडे होती, आदल्या दिवशी ती छुंदा घेऊन आली होती. त्यांनी दुपारीच शेवया करून भरून ठेवली. एकदा घेऊन गेल्या तर चेतनाबेन आजीसासूकडच्या कुणा म्हातारीच्या पाया पडत होती. दुसऱ्यांदा गेल्या तर दागिन्यांच्या डबीची शोधाशोध चालली होती. तिसऱ्यांदा माणसं पांगली, चेतनाबेन एकटी दिसली, आणि जानकीबाईंनी वाटी पुढे केली. चेतनाबेनने खिडकीकडे बघितलं. समोरच्या इमारतीच्या टाकीवरचं ऊन गेलं होतं.

"मावळला गं," ती म्हणाली.

दोघी वाटीकडे बघत उभ्या राहिल्या. बॅगेत रस नेता येत नाही, आणि रिकामी करून द्यायची नाही.

"राहू दे तुझ्याकडे," चेतनाबेन म्हणाली. "तुझी पाळी बाकी." आणि तिने जानकीबाईंना असं घट्ट धरलं, की वाटीतला रस दोघींच्या पदरावर सांडला. खाली अल्पेश हॉर्न वाजवत होता.

त्यानंतर समोरच्या दाराला कुलूप. सकाळी दुधाची एकच पिशवी. एजंट दोनदा लोकांना घर दाखवून गेला. त्यातल्या एका बाईने जानकीबाईंना विचारलं, "इथे शेजार कसा आहे?" मासळीच्या दिवशी दार लोटून घ्यायला कुणी नव्हतं, दरिया आला म्हणून सांगायला कुणी नव्हतं, तरी बुधवार आला की त्या वाटी फडक्यात गुंडाळून वर ठेवायच्या. एकदा बाजारातून येताना त्यांचं लक्ष आपल्या पिशव्यांकडे गेलं. एकटीचं सामान ते किती, एकाच पिशवीत मावलं होतं. दुसरा हात रिकामा.

फोन यायचा. इकडे संध्याकाळ असताना तिकडे सकाळ. परवाच्या फोनवर चेतनाबेन नुसती उडत होती.

"बेल वाजली. पार्सलवाला. मी दार उघडलं, पडद्याच्या मागे नाही गेली! तो विचारतो, तुमची सही की घरातल्या दुसऱ्या कुणाची. मी म्हटलं, आयदर आय साइन ऑर माय सन साइन्स. एका दमात! तो म्हणाला, थँक्यू मॅम. मॅम म्हणाला मला!"

"साइन्स म्हणालीस ना? स लावलास?"

"लावला ने. तू नाही विचारणार तर कोण विचारणार." मागे कुठे नळ वाहत होता, भांड्यांचा आवाज होता, तिकडची सकाळ होती. "जानकीबेन, इथे सगळे मला पुरं बोलू देतात. मधे कोणी काय घालत नाही."

"तेच तर हवं होतं."

"हां. तेच हवं होतं." आणि मग तिने एकदम, पहिल्या महिन्यासारखं, सावकाश म्हटलं, "आयदर यू कम हिअर..."

आणि थांबली.

जानकीबाई उंबऱ्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. समोर कुलूप दिसत होतं, जिन्याच्या खिडकीतून येणारा उजेड पिवळा होत चालला होता.

"पुढचं म्हण," त्या म्हणाल्या. "येतं तुला."

"येतं. पण हा तुझा अर्धा आहे. मी ठेवलाय."

तिकडे जाणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं, हे दोघींना ठाऊक होतं. आणि चेतनाबेन परत येणार नव्हती, हेही. ऑरच्या मागे ठेवायला काही होतं का, ते जानकीबाई शोधत राहिल्या.

"थांब जरा," त्या शेवटी म्हणाल्या. "आत्ता रिकामं परत नाही करत. काहीतरी घालून देते."

चेतनाबेन हसली. "सूर्य मावळायच्या आत दे हं."

"कुठला सूर्य? तुझा की माझा?"

"माझा. माझा आता तर उगवलाय."

फोन ठेवल्यावर जानकीबाई तिथेच बसून राहिल्या. दिवा लावायचं राहिलं. त्या तोंडातल्या तोंडात एकेक अर्धा म्हणून बघत होत्या, ऑर हे, ऑर ते, आणि एकाचंही वजन पहिल्याशी जुळत नव्हतं. शेवटी त्या उठल्या, वरच्या फळीवरून वाटी काढली, फडकं सोडलं आणि उद्यासाठी नारळ बाहेर काढून ठेवला.